लिंकनच्या नावाची सनद घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: राजकीय नेत्यांच्या सह्या असलेली जुनी कागदपत्रे जमवायला सुरुवात करायची आहे. ऑनलाइन लिलावात १८६२ सालची, अमेरिकी सरकारने दिलेली जमिनीची सनद दिसली. खाली अब्राहम लिंकनचे नाव आहे आणि सोबत ‘अस्सल’ असल्याचे प्रमाणपत्र आहे. सही खरी कशी ओळखायची, ही सनद घ्यावी का, आणि संग्रहाची सुरुवात कशाने करावी?

आधी सनदेपुरते सांगतो. फोटोवरून कागद त्या काळचाच वाटतो. सही मात्र लिंकनच्या हातची नाही, आणि हे सांगायला मला अक्षराचे वळणसुद्धा बघावे लागले नाही. अमेरिकेत सरकारी जमिनीच्या सनदांवर सुरुवातीला राष्ट्राध्यक्ष स्वतः सह्या करत. जमिनीची विक्री वाढली तशा सनदा सहीवाचून तुंबू लागल्या. शेवटी मार्च १८३३ मध्ये कायदा करून राष्ट्राध्यक्षांच्या वतीने सही करायला वेगळा सचिव नेमण्याची मुभा देण्यात आली, आणि तेव्हापासून हे काम सचिवांकडे गेले. लिंकनच्या कारकिर्दीतली पहिली काही वर्षे विल्यम स्टॉडर्ड हा तरुण सचिव या सह्या करत असे. फोटोतला खालचा उजवा कोपरा मोठा करून बघा. ‘राष्ट्राध्यक्षांतर्फे’ या अर्थाचे छापील शब्द आहेत, त्यापुढे लिंकनचे नाव आहे आणि त्याच्याखाली ‘यांच्या हस्ते’ म्हणून दुसरे नाव व ‘सचिव’ या पदाचे लघुरूप आहे. दोन्ही नावे एकाच शाईत, एकाच तिरकस वळणात आहेत. वरचे नाव लिंकनचे, हात मात्र दोन्हीकडे सचिवाचा.

म्हणजे कागद अस्सल आणि सही त्याची नव्हे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. विक्रेता खोटे बोलतो आहे असेही मी म्हणणार नाही. तो प्रमाणपत्र देतो ते कदाचित ‘हा १८६२ चा मूळ दस्तऐवज आहे’ एवढेच सांगणारे असेल, आणि ते बरोबरच आहे. तुम्ही विचारत होता ते वेगळेच.

या छंदात नवा माणूस ‘सही खरी आहे का’ हा एकच प्रश्न घेऊन येतो. माझ्या कामात तो प्रश्न मधला असतो. त्याच्या आधी विचारायचे की हा कागद कशासाठी तयार झाला आणि त्यावर या नेत्याने स्वतः सही करावी असे काही कारण होते का. त्याच्या नंतर विचारायचे की हा कागद ज्या जागी राहायला हवा होता तिथून बाहेर कसा पडला. पहिल्या प्रश्नाचे उत्तर नीट मिळाले की सहीबद्दलचे निम्मे काम झालेले असते. तुमच्या सनदेचे तसेच झाले. तीच सनद १८२० च्या सुमाराची, जेम्स मन्रोच्या काळातली असती, तर मी भिंग काढून बसलो असतो, कारण तेव्हा सह्या खरोखर राष्ट्राध्यक्षच करत.

दुसऱ्याच्या हाताने सही हा प्रकार अपवाद नाही. सत्ता जितकी मोठी तितके कागद जास्त, आणि कागद जास्त झाले की कुणीतरी दुसरा हात शोधला जातोच. फ्रान्सच्या राजांकडे राजाच्या अक्षराची हुबेहूब नक्कल करणारे अधिकृत सचिव असत. चौदाव्या लुईच्या नावाची कितीतरी पत्रे त्यांच्या हातची आहेत. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीच्या शेवटच्या काळात, १५४५ पासून, त्याच्या सहीचा कोरडा ठसा कागदावर दाबत आणि उमटलेल्या खोलगट रेषांत कारकून शाई भरत असे. लिंकननंतरचे राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांचा हात अपघातात दुखावलेला होता, म्हणून त्यांच्या काळातल्या लष्करी नेमणूकपत्रांवर बऱ्याचदा सहीचा शिक्का असतो. विसाव्या शतकात ऑटोपेन आले. साच्यावरून खरे पेन फिरवणारे हे यंत्र असते आणि शाई खरीच उमटते. जॉन केनेडींच्या पत्रांच्या बाबतीत तर ऑटोपेन, सचिवांनी केलेल्या सह्या आणि स्वतःच्या सह्या असे तिन्ही प्रकार इतके मिसळले आहेत की त्यांच्या सहीबद्दल घाईने मत देणाऱ्या माणसावर मी विश्वास ठेवत नाही.

यातला एकही प्रकार बनावट नाही. त्या त्या कार्यालयातून निघालेले ते खरे कागद आहेत. पण संग्राहक ज्यासाठी पैसे मोजतो, ते म्हणजे त्या माणसाचा हात त्या कागदावर फिरला होता. वर्णनात ‘सचिवाची सही’, ‘ठसा’, ‘ऑटोपेन’ असे स्पष्ट लिहिलेले नसेल तर लेखी विचारून घ्या. विक्रेत्याचे उत्तर गोलमोल आले तर तेही एक उत्तरच समजा.

आता सही खरोखर स्वतःची असण्याची शक्यता आहे असा कागद हाती आला, तर मी कसा बघतो ते सांगतो. इथे सगळे काही नेत्यावर, काळावर आणि कागदाच्या प्रकारावर अवलंबून असते, त्यामुळे सर्वांना लागू होणारी एक यादी मी देऊ शकत नाही.

सहीची तुलना करायची तर त्याच काळातल्या, त्याच प्रकारच्या कागदांवरच्या सह्यांशी करावी लागते. माणसाची सही वयाबरोबर आणि पदाबरोबर बदलते. नेपोलियन १७९६ पर्यंत ‘बुओनापार्ते’ अशी सही करत असे, मग ‘बोनापार्त’, सम्राट झाल्यावर ‘नेपोलियन’, आणि पुढे घाईत नुसती पहिली दोन-तीन अक्षरे किंवा एकच अक्षर. महाराणी व्हिक्टोरिया नावापुढे राणीपदाचे ‘आर’ हे अक्षर लिहीत. भारताची सम्राज्ञी म्हणून १ जानेवारी १८७७ रोजी घोषणा झाल्यानंतर त्यात ‘आय’ची भर पडली. १८७० च्या कागदावर ही दोन्ही अक्षरे दिसली तर पुढे काही तपासायची गरजच उरत नाही. लिंकन खासगी आणि रोजच्या पत्रांवर ‘ए. लिंकन’ लिहीत आणि सरकारी दस्तऐवजांवर पूर्ण नाव. शिवाय त्यांच्या सहीतली अक्षरे एका सरळ रेषेवर बसत नाहीत, डावीकडून उजवीकडे पायऱ्यांसारखी थोडी थोडी वर सरकतात. नकला करणारे अक्षरांचे आकार बरोबर उचलतात आणि हा चढ हमखास विसरतात.

काही नेत्यांच्या बाबतीत हे आणखी अवघड होते. गांधीजी उजवा हात थकला की डाव्या हाताने लिहीत, आणि दोन्ही हातांचे अक्षर वेगळे आहे. त्यांच्या डाव्या हाताचे नमुने ज्याने पाहिलेले नाहीत तो खऱ्या पत्राला खोटे ठरवू शकतो. त्यामुळे कुणी ‘मी सही ओळखतो’ म्हणाला की मी विचारतो, कोणत्या वर्षाची?

खऱ्या सहीची रेषा धावती असते. पेन कागदावर टेकताना आणि उचलताना रेषा निमुळती होते, वळणावर दाब बदलतो, वेग कुठे आहे ते दिसते. नक्कल करणारा अक्षर काढत असतो, लिहीत नसतो. त्याची रेषा सारख्या जाडीची, सुरुवातीला आणि शेवटी बोथट, मध्येच थरथरलेली किंवा नको तिथे थांबलेली असते. ऑटोपेनच्या सहीतही ही एकसारखी जाडी असते आणि पेन टेकले तिथे बरेचदा लहानसा टिपका दिसतो. तुम्ही नवखे असलात तरी एक कसोटी तुमच्या आवाक्यात आहे: दोन सह्या एकमेकींवर ठेवून तंतोतंत जुळल्या, तर त्यातली निदान एक तरी स्वाभाविक नाही. माणूस आपली सही दोनदा अगदी तशीच करू शकत नाही. अमेरिकेत १८६८ मध्ये निकाल लागलेल्या हाउलंड मृत्युपत्राच्या खटल्यात गणितज्ञ बेंजामिन पीअर्स यांनी याच आधारावर साक्ष दिली होती. तिथे संशय आला तो सही अतिशय जुळते म्हणून.

कागद आणि शाई बघण्यात मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, आणि त्यातही घडीवर. जुनी पत्रे लिहून झाल्यावर घडी घालून पाठवत. शाई आधी वाळली आणि घडी नंतर पडली, तर घडीच्या ओळीवर शाईची रेषा तुटलेली किंवा झिजलेली दिसते, पण पसरलेली नसते. उलट, जुन्या आणि आधीच घडी पडलेल्या अस्सल कागदावर कुणी नंतर सही घातली, तर घडीपाशी कागदाचे तंतू मोडलेले असल्याने शाई तिथे आत ओढली जाते. दोन्ही बाजूंनी बारीक केसांसारखे फाटे फुटतात. दहापट भिंगाखाली आणि बाजूने तिरका प्रकाश टाकून हे स्वच्छ दिसते. वाळवीच्या भोकाच्या कडेला, जुन्या डागाच्या काठावर हेच बघायचे. बाजारात पूर्ण खोटी पत्रे जेवढी फसवत नाहीत तेवढे हे कागद फसवतात, ज्यात मजकूर, शिक्का, साक्षीदारांची नावे सगळे खरे असते आणि फक्त एक मोठी सही नंतर येऊन बसलेली असते. पण हाही एकट्याने निर्णायक पुरावा नव्हे, कारण काही छापील नमुने भरण्याआधीच घडी घातलेले असत.

शाई लोहयुक्त, म्हणजे मायफळ आणि लोहक्षारापासून बनवलेली असेल, तर ती काळाने काळ्याची तपकिरी होते, कागदात मुरते आणि जाड रेषांच्या मागच्या बाजूला तिची सावली उमटते. रेघा एकमेकींना छेदतात तिथे रंग गडद असतो. सगळीकडे एकच सपाट रंग दिसला तर छापील प्रतिकृतीचा संशय घ्या. लिंकन यांच्या नावाने २१ नोव्हेंबर १८६४ रोजी श्रीमती बिक्सबी यांना गेलेल्या सांत्वनपत्राचे मूळ हरवले आहे, पण त्याच्या छापील प्रतिकृती घरोघरी टांगलेल्या होत्या आणि आजही त्या कुणाला तरी मूळ पत्र म्हणून सापडतात.

अतिनील दिव्याने एक गोष्ट झटकन कळते: १९५० नंतरच्या बऱ्याच कागदांत शुभ्रता वाढवणारी रसायने असतात आणि ती निळसर चमकतात. १९८३ मध्ये हिटलरच्या म्हणून गाजलेल्या रोजनिश्या पश्चिम जर्मनीच्या संघीय अभिलेखागाराने तपासायला घेतल्या तेव्हा कागदात आणि बांधणीत युद्धानंतरचेच पदार्थ सापडले. अक्षराच्या तज्ज्ञांनी त्याआधी त्या अस्सल ठरवल्या होत्या, कारण तुलनेसाठी दिलेल्या नमुन्यांत त्याच नक्कलकाराच्या हातचे कागद मिसळलेले होते. अशीच आणखी दोन साले लक्षात ठेवा. अमेरिकेत टंकलेखनयंत्र बाजारात आले १८७४ मध्ये, बॉलपेन १९४५ मध्ये. मात्र या कसोट्या फक्त ‘खोटे आहे’ एवढे सांगू शकतात, ‘खरे आहे’ असे नाही. मार्क हॉफमन हा अमेरिकी नक्कलकार जुन्या पुस्तकांतले कोरे कागद वापरत असे आणि लोहयुक्त शाई स्वतः बनवत असे. त्याचे कागद कितीतरी जाणकारांच्या तपासणीतून पार पडले. कृत्रिमरीत्या जुनी केलेल्या शाईला सूक्ष्मदर्शकाखाली विशिष्ट तडे दिसले तेव्हा त्याची बनवेगिरी उघड झाली, आणि १९८७ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला.

म्हणून मालकीच्या इतिहासाला मी एवढे महत्त्व देतो. हा कागद पहिल्यांदा कुणाकडे होता, मग कुणाकडे गेला, जुन्या लिलावाच्या यादीत त्याचा फोटो आहे का, कुटुंबाची पत्रे आहेत का. ही साखळी खोटेपणापासून तर वाचवतेच, शिवाय चोरीच्या मालापासूनही वाचवते. अमेरिकेच्या हक्कांच्या सनदेची (बिल ऑफ राइट्सची) नॉर्थ कॅरोलायना राज्याला मिळालेली मूळ प्रत १८६५ मध्ये यादवी युद्धाच्या शेवटी एका सैनिकाने राजधानीतून उचलून नेली. ती विकायला आली तेव्हा, २००३ मध्ये, एफबीआयने खरेदीदार बनून ती जप्त केली. एवढी वर्षे गेली, मधल्या लोकांनी तिच्यासाठी पैसे मोजले, तरी ती राज्याचीच राहिली. सरकारी कागद, सरकारी कार्यालयातच राहायला हवी होती अशी प्रत, खोडलेला शिक्का, कापलेला कोपरा, फाइलचे छिद्र किंवा पेन्सिलीने लिहिलेला आणि पुसलेला क्रमांक दिसला तर मी थांबतो. ज्याला दिली त्याच्याकडे जाण्यासाठीच जन्मलेली कागदपत्रे, म्हणजे पत्रे, नेमणुका, सनदा, यांच्या बाबतीत ही काळजी कमी असते.

देशोदेशीचे कायदेही वेगळे आहेत. उदाहरणार्थ, भारतात १९७२ च्या कायद्याप्रमाणे ऐतिहासिक महत्त्वाचे दस्तऐवज ७५ वर्षांचे झाले की पुरावस्तू ठरतात आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाहीत. कागद जिथून येणार आणि जिथे जाणार त्या दोन्ही ठिकाणचे नियम पैसे देण्याआधी बघायचे.

प्रमाणपत्राबद्दल माझे मत स्पष्ट आहे: ते ज्याच्या नावाचे आहे त्या माणसाएवढीच त्याची किंमत. ते छापणे सही बनवण्याहून सोपे आहे. त्याऐवजी विक्रेत्याकडून लेखी घ्या की सही खोटी ठरली तर कधीही, मुदतीविना, पूर्ण पैसे परत मिळतील. चांगले डीलर ही हमी न मागता देतात.

सुरुवात कशाने करावी, हेही तुम्ही विचारले आहे. मोठ्या नावाची कापलेली सही घेऊ नका. पत्राच्या तळाची पट्टी कापून सही वेगळी करण्याची जुनी सवय मला फार दुखावते, कारण त्यात पत्र मेले आणि उरली फक्त नावाची चिठ्ठी. शिवाय तिच्यावर तारीख नाही, मजकूर नाही, घडी नाही, म्हणजे तपासायला काही नाही. बनवणाऱ्यालाही तीच सगळ्यात सोयीची. त्यापेक्षा एक काळ किंवा एक घटना निवडा आणि त्यातल्या दुय्यम माणसांच्या, मंत्र्यांच्या, राज्यपालांच्या, सेनापतींच्या, मजकुराच्या पत्रांपासून सुरू करा. पूर्ण स्वहस्ते लिहिलेले पत्र सर्वांत वरचे, मग दुसऱ्याने लिहिलेले वा टंकलेखन केलेले पण स्वतः सही केलेले, मग छापील नमुन्यावरची सही, अशी साधारण प्रतवारी असते. पण मजकूर ती उलटवू शकतो. एखाद्या निर्णयाबद्दल चार ओळी बोलणारे टंकलिखित पत्र मी ‘आपले पत्र मिळाले, आभारी आहे’ एवढेच स्वहस्ते लिहिलेल्या चिठ्ठीपेक्षा नेहमी वर ठेवीन. पदावर असतानाच्या काळालाही वेगळे मोल आहे. विल्यम हेन्री हॅरिसन १८४१ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले आणि ३१ दिवसांत वारले, त्यामुळे त्यांच्या इतर सह्या मिळतात पण त्या एका महिन्यातल्या अतिशय दुर्मिळ आहेत.

घेतलेला कागद सांभाळायचा कसा, तेही आत्ताच ऐकून ठेवा. लॅमिनेशन कधीही नाही, चिकटपट्टी कधीही नाही. आम्लमुक्त फोल्डर किंवा पॉलिस्टरचे पारदर्शक पाकीट, अंधार, आणि फार दमट नसलेली जागा. भिंतीवर लावायचे असेल तर चांगली रंगीत प्रत लावा. लोहयुक्त शाई आणि ओलावा यांचे वैर आहे, म्हणून डाग काढण्यासाठी घरी पाण्याचा बोळा लावू नका.

आता पुन्हा तुमच्या सनदेकडे. किंमत लिंकनच्या सहीची लावलेली असेल तर सोडून द्या. ती १८६२ सालच्या जमिनीच्या सनदेची असेल तर मी म्हणेन जरूर घ्या. त्या कागदात एका वसाहतदाराचे नाव आहे, जमिनीचे मोजमाप आहे, कोणत्या कार्यालयातून व्यवहार झाला ते आहे. अमेरिकेच्या जमीन व्यवस्थापन खात्याने अशा पन्नास लाखांहून अधिक नोंदी ऑनलाइन मोफत खुल्या केल्या आहेत. राज्य आणि नाव टाकून याच सनदेची सरकारी नोंद शोधा आणि मजकूर शब्दाला शब्द जुळतो का बघा. तिथल्या नोंदवहीतली ‘सही’ नक्कल करणाऱ्या कारकुनाची असते, तेव्हा अक्षर जुळले नाही म्हणून घाबरू नका. लिलाव संपण्याआधी विक्रेत्याला लिहून विचारा की सही नेमकी कुणाच्या हातची आहे आणि सनद त्याच्याकडे कुठून आली, आणि मागच्या बाजूचा स्पष्ट फोटो मागवा. तो फोटो आला की इथे टाका, मी बघून सांगतो.